जॉन कॅसाव्हेटीस: नटासाठी वेळ विकत घेणारा दिग्दर्शक

'शॅडोज' हा जॉन कॅसाव्हेटीस या अमेरिकन दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट. तो संपताना पडद्यावर एक पाटी येते. तुम्ही आत्ता पाहिलेला चित्रपट इम्प्रोव्हायझेशनमधून घडला आहे, असं ती सांगते. कॅसाव्हेटीसविषयीचा सगळ्यात टिकाऊ गैरसमज या पाटीपासून सुरू झाला. कॅमेरा चालू करायचा, नटांना सुचेल ते बोलू द्यायचं आणि जे हाती लागेल ते जोडायचं, अशी त्याची पद्धत होती असं आजही सर्रास लिहिलं जातं. खरं तर ज्या आवृत्तीच्या शेवटी ही पाटी आहे, तिचा बराच भाग आधी लिहून काढलेल्या प्रसंगांवरून पुन्हा चित्रित केलेला आहे. त्यानंतरच्या चित्रपटांच्या तर जाडजूड पटकथा होत्या. १९६८ च्या 'फेसेस'ची मूळ पटकथा आणि पडद्यावर उरलेले संवाद समोरासमोर छापलेलं पुस्तक १९७० साली निघालं होतं. ज्याला शंका असेल त्याने ते मिळवून पाहावं.

मग त्याचं वेगळेपण कशात आहे? माझ्या मते ते वेळेच्या वाटणीत आहे. नेहमीच्या शूटिंगमध्ये दिवसाचा मोठा भाग दिवे लावण्यात, ट्रॉलीचे रूळ टाकण्यात आणि फोकसचं अंतर मोजण्यात जातो. नट बसून असतो. सगळं तयार झालं की त्याला बोलावतात, जमिनीवर चिकटवलेल्या टेपच्या खुणेवर उभं करतात आणि दोन वाक्यं बोलून घेतात. कॅसाव्हेटीसने ही वाटणी उलटी केली. वेळ नटाचा, आणि कॅमेऱ्याने त्याच्यामागे धावायचं. या उलटापालटीची किंमत मोठी असते, आणि ती त्याने स्वतःच्या खिशातून भरली. खिसा भरायचा तो इतरांच्या चित्रपटांत आणि टीव्ही मालिकांत कामं करून. त्याचं सगळं आयुष्य या देवाणघेवाणीत गेलं.

जन्म ९ डिसेंबर १९२९, न्यूयॉर्क. आईवडील ग्रीक. लहानपणीची काही वर्षं कुटुंब ग्रीसमध्ये राहिलं आणि सातव्या वर्षाच्या सुमारास तो अमेरिकेत परतला तेव्हा त्याला इंग्रजी येत नव्हतं. बाकीचं बालपण लाँग आयलंडवर गेलं. १९५० साली तो अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्समधून बाहेर पडला. अभिनेत्री जीना रोलंड्सशी लग्न १९५४ चं. पन्नाशीच्या दशकात न्यूयॉर्कहून टीव्हीवर थेट प्रक्षेपित होणाऱ्या नाटकांना भरपूर नट लागत, आणि त्याला तिथे कामं मिळू लागली. डॉन सीगलचा 'क्राइम इन द स्ट्रीट्स' (१९५६) आणि मार्टिन रिटचा 'एज ऑफ द सिटी' (१९५७, सिडनी पॉइटियेबरोबर) यांमुळे चित्रपटातलं नावही झालं. देखणा, अस्वस्थ, डोळ्यांत सतत काहीतरी खदखदणारा तरुण, अशी त्याची प्रतिमा ठरून गेली. स्टुडिओंचा नट म्हणून त्याचं उत्तम चाललं असतं.

त्याऐवजी त्याने बर्ट लेनबरोबर मॅनहॅटनमध्ये अभिनयाची कार्यशाळा काढली. तिथल्या एका सरावातून 'शॅडोज' निघाला. तीन भावंडं, त्यांतला थोरला काळा गायक आणि धाकटी दोघं इतकी गोरी की लोकांना फसायला होतं. बहिणीच्या प्रेमात पडलेला गोरा तरुण तिच्या थोरल्या भावाला पाहतो आणि त्याचा चेहरा बदलतो. हा प्रसंग सरावात इतका जिवंत झाला की कॅसाव्हेटीसला त्याचा चित्रपट करावासा वाटला. १९५७ च्या सुरुवातीला तो 'एज ऑफ द सिटी'च्या प्रसिद्धीसाठी जीन शेफर्डच्या रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमात गेला होता. तिथे त्याने श्रोत्यांनाच सांगितलं की सामान्य माणसांविषयीचा चित्रपट हवा असेल तर पैसे पाठवा. लोकांनी खरोखर पाठवले, सुमारे दोन हजार डॉलर. चित्रपटाचा एकूण खर्च पुढे चाळीस हजारांच्या घरात गेला, म्हणजे रेडिओने दिला तो नारळ फोडण्यापुरता पैसा. पण काम सुरू झालं. १६ मिमी रुंदीच्या फिल्मचा कॅमेरा, एरिक कोलमार छायालेखक, आणि बाकी युनिटमध्ये ज्याला जे जमेल ते करणारे उत्साही लोक. पुढे त्याचा हक्काचा नट झालेला सिमूर कॅसल इथे असाच हातभार लावायला आला होता. रस्त्यावरच्या दृश्यांना परवानग्या घेतलेल्या नव्हत्या, त्यामुळे पोलीस दिसले की कॅमेरा आवरायचा.

इथे काय काय बिघडलं ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण पुढच्या तीस वर्षांचे धडे त्यात आहेत. पहिली अडचण आवाजाची. हौशी ध्वनिमुद्रण, मॅनहॅटनचा गोंगाट, शेजारच्या खोल्यांतली धडधड. संवाद सरावातून आलेले, लिहून ठेवलेले नाहीत, आणि टेपवर काही कळत नाही. मग ओठांच्या हालचाली वाचणाऱ्या माणसांना बसवून नट नेमकं काय बोलले ते शोधावं लागलं, असं कॅसाव्हेटीस सांगायचा. यातून निघणारा नियम साधा आहे. दृश्यात कुणी ठरल्याबाहेरचं बोललं, तर टेक संपताक्षणी ते कागदावर गेलंच पाहिजे. चित्र अंधूक चालतं, हरवलेलं वाक्य परत मिळत नाही.

दुसरी अडचण जास्त खोल होती. १९५८ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या पॅरिस थिएटरमध्ये मध्यरात्री फुकट खेळ झाले आणि बरेच प्रेक्षक उठून गेले. कॅसाव्हेटीसचं निदान असं की दृश्यांत लय आहे, संगीत आहे, शहर आहे, पण माणसं पुरेशी नाहीत. १९५९ मध्ये त्याने नट परत गोळा केले, लेखक रॉबर्ट ॲलन आर्थरच्या मदतीने नवे प्रसंग लिहिले आणि चित्रपटाचा मोठा भाग बदलला. समीक्षक जोनास मेकसने पहिल्या आवृत्तीचा जाहीर गौरव केला होता, 'फिल्म कल्चर' या नियतकालिकाचा पहिला इंडिपेंडंट फिल्म पुरस्कारही तिलाच मिळाला होता. नवी आवृत्ती नोव्हेंबर १९५९ मध्ये सिनेमा १६ या फिल्म सोसायटीत दाखवली गेली तेव्हा मेकस संतापला. त्याच्या मते कॅसाव्हेटीसने धाडस सोडून सोय पत्करली होती. मला कॅसाव्हेटीसचं पटतं. पहिल्यांदा चित्रपट करणाऱ्या माणसाला शहरातल्या सगळ्यात प्रभावी समीक्षकाची शाबासकी मिळालेली असताना ते काम मोडून पुन्हा करायला फार मोठं धैर्य लागतं.

या दुसऱ्या फेरीचं कर्ज कसं फिटलं? एनबीसी या टीव्ही वाहिनीवरच्या 'जॉनी स्टॅकॅटो' या मालिकेत पियानो वाजवणाऱ्या खासगी गुप्तहेराची भूमिका करून. १९५९-६० मधले २७ भाग. व्हेनिस चित्रपट महोत्सवात १९६० मध्ये समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, ब्रिटिश वितरकाने चित्रपट उचलला, लंडनमध्ये तो चालला आणि मग अमेरिकेला जाग आली. हा क्रमही पुढे अनेकदा घडला: आधी युरोप, नंतर घर.

हॉलिवूडने बोलावलं. पॅरामाउंटसाठी 'टू लेट ब्लूज' (१९६१) झाला, ठरल्या वेळात, ठरल्या पैशांत, आणि कुणीच समाधानी नाही. 'अ चाइल्ड इज वेटिंग' (१९६३) मध्ये मतिमंद मुलांच्या संस्थेची गोष्ट होती, बर्ट लँकास्टर आणि जूडी गार्लंड होते, आणि बरीचशी मुलं खरोखर तशी होती. निर्माता स्टॅनली क्रेमर याने संकलन काढून घेतलं आणि चित्रपट स्वतःच्या मताप्रमाणे बांधला. क्रेमरला या मुलांनी वेगळ्या संस्थेत राहावं असा सूर हवा होता. मुलं ठीक आहेत, अडचण मोठ्यांची आहे, असं कॅसाव्हेटीसचं म्हणणं होतं. दोघांचं जाहीर भांडण झालं आणि पुढची काही वर्षं दिग्दर्शक म्हणून त्याला कुणी विचारलं नाही. शेवटचा कट कुणाच्या हातात, हा प्रश्न त्याने यानंतर कधी हलका मानला नाही.

'फेसेस' इथून सुरू होतो आणि माझ्या मते पद्धत खऱ्या अर्थाने इथेच बसली. १९६५ मध्ये सुमारे सहा महिने, मुख्यतः त्याच्या स्वतःच्या हॉलिवूडमधल्या घरात आणि सासूबाईंच्या घरात चित्रीकरण झालं. १६ मिमी, कृष्णधवल. नट पैशाशिवाय काम करणारे मित्र. नायिकेच्या भूमिकेतली लिन कार्लिन तेव्हा ऑफिसात सेक्रेटरी होती आणि तिने आधी चित्रपटात काम केलं नव्हतं.

१६ मिमी का, हे हिशेबाने पाहू. १६ मिमीचं ४०० फुटांचं मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्यावरचा फिल्मचा डबा, सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने अकरा मिनिटं चालतं. ३५ मिमीचं ४०० फुटांचं मॅगझिन साडेचार मिनिटांतच संपतं. अकरा मिनिटांसाठी तिथे १००० फुटांचं मॅगझिन लागतं आणि ते चढवल्यावर कॅमेरा खांद्यावर घेऊन जिन्यावरून धावता येत नाही. फिल्मचा आणि लॅबचा खर्चही १६ मिमीत कितीतरी कमी. ज्याला दहा मिनिटांचं दृश्य न तोडता, खोलीभर फिरत टिपायचं आहे, त्याच्यासाठी पर्याय जवळजवळ हाच. तोटा पुढे येतो. थिएटरसाठी ही निगेटिव्ह ३५ मिमीवर फुगवावी लागते. १६ मिमीची चौकट क्षेत्रफळाने ३५ मिमीच्या पावपटीच्या आसपास, त्यामुळे पडद्यावर फिल्मचा दाणा, म्हणजे चित्रातले बारीक ठिपके, चौपट दिसतो. कमी उजेडात वेगवान (उजेडाला जास्त संवेदनशील) फिल्म वापरली तर तो आधीच जाड असतो. 'फेसेस'मधले चेहरे वाळूतून वर आल्यासारखे दिसतात त्याचं कारण हे आहे. छायालेखक आणि संकलक ॲल रूबनने वेगवेगळ्या दृश्यांसाठी वेगवेगळ्या वेगाच्या फिल्म निवडल्या होत्या, म्हणून क्लबमधला दाणा आणि पहाटेच्या घरातला दाणा सारखा नाही. लक्ष देऊन पाहिलं तर हा फरक सहज कळतो.

प्रकाशयोजनेचा नियम एकच: एका चेहऱ्यासाठी दिवा लावायचा नाही, पूर्ण खोली उजळायची. दिवे उंचावर, छतालगत, म्हणजे नट कुठेही वळला, खाली बसला, दुसऱ्या खोलीत गेला तरी उजेडाबाहेर जाणार नाही. याने सौंदर्य जातं. भिंती सपाट दिसतात, सावल्या नको तिथे पडतात, बूमची, म्हणजे लांब दांडीवरच्या माइकची, सावलीही अधूनमधून घुसते. पण दोन टेकमध्ये दिवे हलवायला अर्धा तास जात नाही आणि नटाचा आवेश थंड होत नाही. फोकस हे दुसरं दुखणं. जमिनीवर खुणा नाहीत, तालमीत ठरलेली जागा नट पाळेलच असं नाही, आणि कॅमेरा बऱ्याचदा लांब पल्ल्याच्या लेन्सवर. अशा लेन्सने जवळचा चेहरा घेताना स्पष्टतेची खोली, म्हणजे चित्र स्पष्ट राहतं तो पट्टा, काही इंचांवर येते. फोकस सांभाळणाऱ्याला अंदाजाने आणि नटाच्या श्वासावर चालावं लागतं. चुकतो, मग सापडतो. कॅसाव्हेटीस अशा वेळी अभिनय पाहून टेक निवडायचा, स्पष्ट चित्र पाहून नाही. संकलकांना हे फार जड गेलं असणार.

आणि संकलन तीन वर्षं चाललं. गॅरेजमध्ये, रिकाम्या वेळात, पैसे येतील तसं. शंभराहून अधिक तासांचं चित्रीकरण, त्यात आवाज आणि चित्र जुळवण्याची कटकट. याच काळात तो 'द डर्टी डझन' (१९६७) मध्ये फ्रँको झाला, सहायक अभिनेत्याच्या ऑस्करचं नामांकन मिळवलं, आणि रोमन पोलान्स्कीच्या 'रोझमेरीज बेबी' (१९६८) मध्ये बायकोला विकून टाकणारा गोडबोल्या नवरा झाला. पोलान्स्की प्रत्येक हालचाल आखणारा, कॅसाव्हेटीस आखणीला कंटाळणारा. दोघांचं पटलं नाही, पण तो ताण भूमिकेला पोषक ठरला. या भूमिकांचे पैसे घरच्या गॅरेजमध्ये गेले. 'फेसेस' १९६८ मध्ये आला, व्हेनिसला जॉन मार्लीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला आणि ऑस्करची तीन नामांकनं आली: सिमूर कॅसल, लिन कार्लिन आणि मूळ पटकथा. ज्याला सगळे इम्प्रोव्हायझेशनवाला म्हणत होते त्याला नामांकन लेखनासाठी मिळालं.

'हजबंड्स' (१९७०) मध्ये तो स्वतः, बेन गझारा आणि पीटर फॉक. मित्राच्या अंत्यविधीनंतर तीन पुरुष घरी जायचं टाळत राहतात, थेट लंडनपर्यंत. दारू पिऊन गाणी म्हणण्याचं दृश्य सहन होईनासं होईपर्यंत लांबतं, आणि ते तसंच हवं. तिघांची दादागिरी प्रेक्षकाला नकोशी झाली पाहिजे. कोलंबिया स्टुडिओने नंतर त्यातली अकरा मिनिटं कापली. 'मिनी अँड मॉस्कोविट्झ' (१९७१) युनिव्हर्सलसाठी केलेली प्रेमकथा, त्याची आई आणि सासू दोघीही त्यात आहेत. आवडावी अशी, पण तिच्यापाशी रेंगाळत नाही, कारण पुढचा चित्रपट वाट बघतो आहे.

'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' (१९७४) आधी नाटक म्हणून लिहिलं गेलं होतं. जीना रोलंड्सने वाचून सांगितलं की हे आठवड्याला आठ प्रयोग केले तर मी आजारी पडेन. म्हणून चित्रपट. कुठल्याही स्टुडिओला वेड लागत चाललेल्या मध्यमवयीन गृहिणीची गोष्ट नको होती. कॅसाव्हेटीसने घर गहाण टाकलं, 'कोलंबो'मुळे हातात पैसा असलेल्या पीटर फॉकने पाच लाख डॉलर घातले. त्या सुमारास कॅसाव्हेटीस अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या लॉस एंजेलिस केंद्रात निवासी दिग्दर्शक होता, त्यामुळे युनिटमध्ये तिथले विद्यार्थी आले. सुरुवातीचा छायालेखक केलेब डेशनेल मध्येच बाहेर पडला, त्याच्याबरोबर काही जण गेले, आणि काम मिच ब्राइट, माइक फेरिस वगैरेंनी पुढे नेलं. पुढे डेशनेल हॉलिवूडचा नामांकित छायालेखक झाला. कॅसाव्हेटीसला हवं होतं ते मात्र देखण्या चौकटीच्या विरुद्ध दिशेचं होतं, आणि अशी फारकत या पद्धतीत अटळ असते.

या वेळी ३५ मिमी. हॉलिवूडमधलं एक भाड्याचं घर, आणि चित्रीकरण जवळपास कथेच्या क्रमाने. घराची रचना पाहा. नवराबायको जेवणघरातल्या उलगडणाऱ्या सोफ्यावर झोपतात, म्हणजे घरात कुणीही आलं तरी ते थेट त्यांच्या पलंगापाशी पोचतं. संडासाच्या दारावर 'खासगी' अशी पाटी आहे, आणि साऱ्या घरात खासगी म्हणावी अशी जागा तेवढीच. नायिका माबेलला एकटं राहायला कोपरा नाही हे संवादात कुठेही सांगितलेलं नाही. खोल्यांनी ते सांगितलं आहे. लांब पल्ल्याची लेन्स शेजारच्या खोलीत ठेवून दारातून पाहिल्यामुळे आपण पाहुण्यांच्या मागे उभे असल्यासारखं वाटतं.

सकाळच्या स्पॅगेटीचं दृश्य या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. रात्रपाळी करून आलेले दहाएक कामगार, टेबल, गप्पा, एक जण ऑपेरातलं गाणं सुरू करतो. माबेलचा आनंद थोडा जास्तच होतो आणि तिचा नवरा निक ओरडतो. नेमका कुठल्या क्षणी आनंद हद्दीबाहेर गेला, हे बोट ठेवून दाखवता येत नाही. छोट्या छोट्या शॉटमध्ये तोडलं असतं तर संकलकाला तो क्षण ठरवावा लागला असता. इथे तो नटांच्या हाती राहिला. रोलंड्सचे हातवारे, अंगठ्याने मागे केलेले इशारे, ओठांचे फुर्र आवाज हे सगळं तिने स्वतः शोधलेलं. दिग्दर्शक तिला भूमिकेचा अर्थ सांगायचा नाही. नटांनी आपसांत भूमिकेची चर्चा करणंही त्याला आवडत नसे, कारण मग सगळे एकाच अर्थावर सहमत होतात आणि दृश्यातला धक्का नाहीसा होतो. हे त्याच्या पद्धतीतलं सगळ्यात कमी अनुकरण झालेलं आणि सगळ्यात उपयोगी अंग आहे. शब्द लिहिलेले असायचे, भाव मोकळा सोडलेला.

ध्वनी आणि संगीत दोन्ही बो हारवुडकडे. त्याने पियानोवर कच्ची मुद्रणं करून ठेवली होती, नंतर नीट करू म्हणून. कॅसाव्हेटीसने तीच ठेवली.

चित्रपट तयार झाला आणि कुणी वितरक घेईना. मग त्याने स्वतःची वितरण कंपनी चालवली. थिएटरमालकांना थेट फोन, कॉलेजांमधून खेळ, फॉक आणि तो स्वतः हजर. १९७४ च्या न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवानंतर गर्दी वाढत गेली. दिग्दर्शन आणि अभिनेत्री अशी दोन ऑस्कर नामांकनं मिळाली. स्ववितरणात एक फसवा भाग आहे, आणि तो पुढच्या दोन चित्रपटांत दिसला. एका चित्रपटाने पैसे परत दिले की तेच परत लावावेसे वाटतात, आणि मधे धक्का सोसणारं कुणी नसतं.

'द किलिंग ऑफ अ चायनीज बुकी' (१९७६) १३५ मिनिटांचा होता आणि आठवड्याभरात थिएटरांतून उतरला. १९७८ मध्ये त्याने १०८ मिनिटांची नवी आवृत्ती केली. ती नुसती छाटलेली नाही, प्रसंगांचा क्रम बदललेला आहे आणि पहिल्यात नसलेले तुकडेही तिच्यात आहेत. बहुतेक लोक छोटी आधी पाहा म्हणतात. मी उलट सांगेन. कॉस्मो विटेली हा आपल्या दरिद्री नाइट क्लबवर जीव टाकणारा माणूस आहे, खून करायला निघालेला असतानाही तो फोन करून स्टेजवर कुठलं गाणं चाललंय ते विचारतो. क्लबचे ते रटाळ, रेंगाळणारे प्रयोग पूर्ण पाहिल्याशिवाय हा फोन नुसता गमतीचा वाटतो. जुगाराचं कर्ज, गुंडांची देणी आणि तरीही आपलाच शो चालू ठेवण्याची धडपड: कॅसाव्हेटीसच्या स्वतःच्या हिशेबाच्या इतकं जवळचं त्याने दुसरं काही केलेलं नाही.

'ओपनिंग नाइट' (१९७७) रंगभूमीवरच्या अभिनेत्रीची गोष्ट. पासाडेनाच्या सभागृहात खऱ्या प्रेक्षकांसमोर नाटकाचे भाग चित्रित झाले, आणि आता नटी काय करेल हे त्या प्रेक्षकांना माहीत नव्हतं. रोलंड्सला बर्लिन महोत्सवात अभिनयाचं रौप्य अस्वल मिळालं. अमेरिकेत मात्र लॉस एंजेलिसमधल्या थोड्या खेळांनंतर चित्रपट गायब झाला आणि नीट प्रदर्शित व्हायला १९९१ उजाडलं, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

'ग्लोरिया' (१९८०) ही मुळात विकण्यासाठी लिहिलेली पटकथा. कोलंबियाने रोलंड्स हवी म्हटल्यावर दिग्दर्शनही त्याच्याकडे आलं. त्याला स्वतःला ती फार प्रिय नव्हती, व्हेनिसने मात्र सुवर्णसिंह दिला, लुई मालच्या 'अटलांटिक सिटी'बरोबर विभागून.

'लव्ह स्ट्रीम्स' (१९८४) कॅनन फिल्म्सच्या गोलन आणि ग्लोबस यांनी पैसे दिले म्हणून झाला. मारधाडीच्या स्वस्त चित्रपटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने हे केलं, याबद्दल त्यांचं कौतुक झालं पाहिजे. मूळ नाटक टेड ॲलनचं. भावाची भूमिका जॉन व्हॉइट करणार होता, तो ऐनवेळी गळाला आणि कॅसाव्हेटीसला स्वतःला उभं राहावं लागलं. यकृताचा सिरॉसिस तेव्हा खूप पुढे गेलेला होता. पुन्हा तेच घर, जिथे 'फेसेस' झाला होता. रॉबर्ट आणि सारा हे भाऊबहीण आहेत हे अर्धा चित्रपट होईपर्यंत कळत नाही, कारण दोन सख्खी माणसं भेटल्यावर एकमेकांना नातं सांगत बसत नाहीत. बर्लिनला सुवर्ण अस्वल मिळालं. नंतरचा 'बिग ट्रबल' (१९८६) दुसऱ्याने अर्धवट सोडलेलं काम होतं, त्यात त्याला शोधू नये. ३ फेब्रुवारी १९८९ रोजी, ५९ व्या वर्षी तो गेला. चित्रित न झालेल्या चाळीसहून अधिक पटकथा मागे राहिल्या.

पाहायचं कुठून? 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स'पासून, एका बैठकीत. तुकड्यांत पाहिला तर शेवटच्या अर्ध्या तासाचं ओझं पोचत नाही. मग 'फेसेस', मग 'बुकी'ची १९७६ ची आवृत्ती, मग 'लव्ह स्ट्रीम्स'. 'हजबंड्स' पहिला पाहू नये, माणूस दुरावतो. 'शॅडोज' ४:३ चौकटीचा आहे आणि 'फेसेस' १.६६ चा. टीव्हीने चित्र ताणलं किंवा वरखाली कापलं तर या जवळच्या चेहऱ्यांची कपाळं जातात, तेव्हा आधी ते तपासा. सबटायटल्सवर फार विसंबू नका. तीन माणसं एकदम बोलतात तेव्हा सबटायटल एकाचंच वाक्य निवडतं आणि तुमचं लक्ष भलतीकडे नेतं. अशा दृश्यांत जो बोलत नाही त्याच्याकडे पाहावं. डिस्कवर जुने चित्रपट काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीच्या पाच चित्रपटांच्या संचात 'फेसेस'ची सतरा मिनिटांची वेगळी सुरुवातही आहे. पडद्यावरच्या सुरुवातीशी ती ताडून पाहिली की तीन वर्षं संकलनात नेमकं काय चाललं होतं ते कळतं.

आणि ज्यांना ही पद्धत स्वतः वापरून पाहायची आहे त्यांच्यासाठी. डिजिटल कॅमेऱ्याने मॅगझिनची अकरा मिनिटांची मर्यादा काढली, पण त्याबरोबर टेक संपण्याची शिस्तही गेली. तासभर चालू ठेवलेला कॅमेरा नटाला सैल करतो. तालीम आधी करा, तालमीत सापडलेलं लिहून काढा, मग त्या लिहिलेल्या दृश्याचे लांब, पूर्ण टेक घ्या. खोली वरून उजळा, खुणा लावू नका, फोकससाठी तालमींना हजर असलेलाच माणूस घ्या. बाहेरून आलेला कितीही कुशल असला तरी नट कुठे वळेल हे त्याला आधी जाणवत नाही. आवाजासाठी प्रत्येक नटाला वेगळा माइक आणि वेगळा ट्रॅक द्या, शिवाय बूमही ठेवा, कारण मिठी मारली की कपड्यातला माइक खरखरतो आणि या प्रकारच्या चित्रपटात माणसं सारखी एकमेकांना धरतात. संकलनासाठी चित्रीकरणाच्या किमान चौपट वेळ राखून ठेवा. आणि पहिल्या खेळाला लोक उठून जायला लागले, तर नेमकं कुठल्या दृश्याला उठले ते मागच्या रांगेत बसून वहीत टिपून घ्या.